माणूस बदलावा की काम? इंदूरच्या गिरण्या, आजारपण आणि हलक्या कामाचा इतिहास

इंदूरच्या पश्चिम भागात, मल्हारगंजाच्या बाजूला, सुमारे २५ फूट उंचीच्या गणेशमूर्तीमुळे ज्या परिसराला बडा गणपती हे नाव पडले, तो परिसर होळकरांच्या जुन्या शहराचा भाग आहे. आणि त्याच शहराच्या पूर्वेला व ईशान्येला, परदेशीपुरा, पाटनीपुरा, मालवा मिल या वस्त्यांच्या आसपास, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कापडगिरण्यांचे एक वेगळेच शहर उभे राहिले. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाई केलेले चलत् देखावे, मिरवणुकीने जुन्या शहरात आणण्याची १९२० च्या दशकात सुरू झालेली प्रथा गिरण्या बंद पडल्यानंतरही कामगारांनी टिकवून धरली, यावरून या दुसऱ्या शहराचा पहिल्याशी असलेला संबंध किती जिव्हाळ्याचा होता हे कळते. मात्र गिरणीकामगारांच्या सणांविषयी, संपांविषयी आणि बोनसविषयी जेवढे लिहिले गेले, त्या मानाने त्यांच्या आजारपणाविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे. अंगात कसर असलेल्या, हाताला दुखापत झालेल्या किंवा छाती भरून येणाऱ्या माणसाचे गिरणीने काय करायचे, त्याला घरी पाठवायचे, त्याच्या जागी दुसरा उभा करायचा, की त्याला झेपेल असे काम द्यायचे, हा प्रश्न दररोज पाळी सुरू होताना उभा राहत असे, आणि त्याच्या उत्तराचा इतिहास कायद्याच्या, वैद्यकाच्या आणि मजुरीच्या इतिहासात विखुरलेला आहे.

या प्रश्नाला तीन प्रकारची उत्तरे देता येतात आणि ती एकमेकांपासून वेगळी ठेवणे आवश्यक आहे. पहिले उत्तर रजेचे: कामगार बरा होईपर्यंत कामावर येणार नाही आणि त्या काळातील मजुरी पूर्ण, अंशतः किंवा मुळीच मिळणार नाही. दुसरे उत्तर बदलीचे: काम आहे तसेच राहील, फक्त ते करणारा माणूस तात्पुरता बदलेल. तिसरे उत्तर हलक्या कामाचे: माणूस तोच राहील, पण त्याच्या कामाचे तास, जागा, भार किंवा स्वरूप त्याच्या प्रकृतीला साजेसे बदलले जाईल. आज व्यवस्थापनशास्त्रात या तिसऱ्या उत्तराला आजारपणाच्या रजेचा आधुनिक पर्याय म्हणून मांडले जाते. परंतु ते नवे नाही. नवे असेल तर एवढेच, की ते कामगाराचा हक्क म्हणून मागता येईल की मालकाची मेहेरबानी म्हणूनच मिळेल, हा वाद गेल्या शंभर वर्षांत उभा राहिला आणि तो अद्याप मिटलेला नाही.

भारतीय परंपरेचा कल दीर्घकाळ दुसऱ्या उत्तराकडे, म्हणजे माणूस बदलण्याकडे राहिला. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात, मजुरी घेऊन काम न करणाऱ्या नोकराला दंड सांगितल्यानंतर लगेच अपवाद दिलेला आहे, तो असा की नोकर अशक्त असेल, काम हीन स्वरूपाचे असेल, किंवा आजार वा संकट ओढवले असेल, तर त्याला सवलत मिळावी अथवा ते काम त्याने दुसऱ्याकडून करवून घ्यावे. आजारपणाची दखल इतक्या जुन्या ग्रंथात स्पष्ट शब्दांत घेतली गेली ही गोष्ट मोलाची आहे. पण तेथे काम हलके करण्याचा विचार नाही. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात सूत्राध्यक्षाने, म्हणजे सूतकताईवरील अधिकाऱ्याने, विधवा, व्यंग असलेल्या स्त्रिया आणि इतर निराधार स्त्रियांकडून सूत कातून घ्यावे असे सांगितले आहे. शरीराची मर्यादा ओळखून तिला जुळणारे काम शोधण्याची कल्पना येथे दिसते, तीही नेमकी कापडाच्या धंद्यात. मात्र ती राज्याने निराधारांना दिलेल्या आधाराच्या रूपात आहे, कामावर असताना आजारी पडलेल्याच्या अधिकाराच्या रूपात नाही.

मराठी मुलखातील वतनव्यवस्थेने बदली माणसाची हीच पद्धत पक्की केली. वतनदाराला स्वतः काम करणे शक्य नसेल, मग ते वयामुळे असो, आजारपणामुळे असो किंवा अन्य कारणाने, तर मुतालिक, म्हणजे त्याच्या वतीने काम पाहणारा प्रतिनिधी, नेमला जाई. इंग्रजी अमलातही मुंबई इलाख्याच्या १८७४ च्या वतन कायद्याने प्रतिनिधीमार्फत काम चालवण्याची सोय कायम ठेवली. लढाईत पडलेल्या शिपायाच्या कुटुंबाला बालपरवेशी म्हणून नेमणूक देण्याची मराठेशाहीतील पद्धत हीसुद्धा त्याच विचाराची दुसरी बाजू होती: जो काम करू शकत नाही त्याच्या घरचे चालावे, पण काम दुसऱ्या खांद्यावर जावे. ज्या समाजात काम हे घराण्याचे असे, त्या समाजात घराण्यातला दुसरा माणूस उभा करणे हा साहजिक आणि पुष्कळदा माणुसकीचा उपाय होता, कारण त्यात आजारी माणसाची जागा जात नसे. पुढे गिरण्यांनी हीच पद्धत उचलली तेव्हा तिच्यातील ही सुरक्षितता मात्र गळून पडली.

काम बदलण्याची, माणूस तोच ठेवून त्याचा भार कमी करण्याची शिस्तबद्ध पद्धत इंदूरच्या परिसरात पहिल्यांदा आली ती बहुधा लष्करी छावणीतून. १८१८ च्या जानेवारीत झालेल्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात स्थिरावली आणि तेथून सुमारे २३ किलोमीटरवर महू येथे इंग्रजांची छावणी बसली. ब्रिटिश फौजेच्या रिवाजाप्रमाणे सकाळी आजारी शिपायांची हजेरी होई, आणि डॉक्टर प्रत्येकाला तपासून त्याच्या नावापुढे शेरा लिही: कोणाला औषध देऊन कामावर पाठवायचे, कोणाला इस्पितळात भरती करायचे आणि कोणाला ‘लाइट ड्युटी’, म्हणजे कवायत व जड कामे वगळून हलके काम द्यायचे. या पद्धतीचा हेतू शिपायाचे कल्याण हा नव्हता. पलटणीची हजेरी घटू नये आणि दुखण्याचे सोंग करणाऱ्याला वाव मिळू नये, हा होता. तरीही तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट प्रस्थापित झाली. पूर्ण निरोगी आणि पूर्ण आजारी यांच्यामध्ये एक तिसरी अवस्था असते, ती ओळखण्याचे काम वैद्याचे असते आणि त्याचा शेरा वरच्या अंमलदारालाही मानावा लागतो, ही ती गोष्ट होय.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वैद्यकानेच या विचाराला दुसरी बाजू जोडली. इंग्लंडमधील फ्रिमली येथील क्षयरोग आरोग्यधामात मार्कस पॅटरसन या डॉक्टरने रुग्णांना अंथरुणावर झोपवून ठेवण्याऐवजी चढत्या क्रमाने श्रम देण्याची पद्धत राबवली, म्हणजे आधी थोडे चालणे, मग हलक्या टोपल्या वाहणे, मग फावड्याचे काम, आणि प्रत्येक पायरीवर तापमान पाहून पुढची पायरी ठरवणे. काम हे आजाराचे कारण असू शकते तसे योग्य मात्रेत ते उपचारही असू शकते, ही कल्पना त्यातून पुढे आली. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत हेन्री फोर्डने आपल्या कारखान्यातील कामांची मोजणी करून घेतली आणि १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात असे नमूद केले की ७,८८२ प्रकारच्या कामांपैकी ६७० कामे दोन्ही पाय नसलेला माणूस, २,६३७ कामे एक पाय असलेला माणूस आणि ७१५ कामे एक हात असलेला माणूस करू शकेल. फोर्डच्या कारखान्यातील कामगारांवरील करडी नजर आणि संघटनांविषयीचा त्याचा विरोध ध्यानात ठेवूनही हे मान्य केले पाहिजे, की ‘हा माणूस कामाला योग्य आहे का’ हा प्रश्न उलटवून ‘कोणते काम या माणसाला योग्य आहे’ असे विचारण्याचे धैर्य त्या मोजणीत होते. इंदूरच्या किंवा मुंबईच्या कोणत्याही गिरणीत अशी मोजणी झाली असती, तर पुढचा पुष्कळसा इतिहास वेगळा घडला असता.

इंदुरात गिरणीधंद्याचा पाया दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी घातला. १८६० च्या दशकात त्यांनी स्टेट मिलची यंत्रसामग्री मागवली, आणि याच राजाने खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. १९०९ मध्ये मालवा युनायटेड मिल्स आणि १९१५ मध्ये हुकुमचंद मिल उभी राहिली, त्यांच्यामागून राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी आणि भंडारी या गिरण्या आल्या, आणि माळव्याबरोबरच उत्तर हिंदुस्थान, राजस्थान व खानदेश-महाराष्ट्रातून आलेले मजूर साच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, उभे राहिले. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला सादर केलेल्या नगररचनेच्या अहवालात प्लेग, विहिरी, नदीकाठ आणि मजुरांची घरे यांचा सखोल विचार आहे. गिरणीच्या भिंतीआड कामगाराच्या शरीरावर काय बेतते, हा विचार करण्याची जबाबदारी त्या काळी कोणाकडेच नव्हती, आणि संस्थान असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील मजूरविषयक कायदेही येथे आपोआप लागू होत नसत.

भिंतीआडची सत्ता जॉबरच्या हाती होती. जॉबर म्हणजे खात्यावरील मुकादम. तो माणसे भरती करी, त्यांच्यावर देखरेख ठेवी, खाडा कोणाचा माफ करायचा आणि कोणाला परत घ्यायचे हे ठरवी. १९२९ ते १९३१ या काळात देशभर चौकशी करणाऱ्या शाही मजूर आयोगाने, ज्याला अध्यक्षांच्या नावावरून व्हिटली आयोग म्हणतात, भारतीय कारखान्यांतील जॉबरशाहीवर कठोर टीका केली, आणि भरतीसाठी तसेच रजेवरून परतल्यावर जागा परत मिळवण्यासाठी कामगाराला जॉबरचे हात ओले करावे लागतात, हे नोंदवले. अशा व्यवस्थेत आजारी पडणे म्हणजे मजुरी बुडणे एवढेच नव्हते, तर जागाच धोक्यात येणे होते. साचा खात्यातील माणसाला काही दिवस घडी खात्यात कापड तपासायला बसवणे, रिंग खात्यातील, म्हणजे सूतकताईच्या विभागातील, उभ्या कामाऐवजी भांडारात किंवा दारावर नेमणे, ही हलक्या कामाची सोय गिरणीच्या रचनेत शक्य होती, कारण एकाच आवारात जड, मध्यम आणि हलकी अशी शेकडो कामे चालत; पण ती कोणाला मिळायची हे जॉबरच्या मर्जीवर, नात्यागोत्यावर आणि देण्याघेण्यावर अवलंबून राहणे अटळ होते. शिवाय घडी खात्यातील मजुरी साच्यावरील मजुरीपेक्षा कमी असेल तर फरक कोणी भरायचा, हा प्रश्न विचारण्याची जागाच नव्हती.

हलक्या कामापेक्षा गिरणीला सोपी वाटे ती बदली. बदली कामगार म्हणजे हजेरीपटावर नाव असलेल्या कायम कामगाराच्या गैरहजेरीत त्याच्या जागी घेतला जाणारा माणूस. पाळी सुरू होण्याच्या वेळी तो गिरणीच्या फाटकाशी येऊन उभा राही आणि आत जागा रिकामी असेल तरच त्याला त्या दिवसाचे काम मिळे. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९३५ मध्ये बदली कामगारांची नोंद ठेवून जॉबरच्या मनमानीला आवर घालण्याची योजना आणली, आणि पुढे औद्योगिक विवाद कायद्यात बदली कामगाराची व्याख्याही आली. या पद्धतीचा क्रूर भाग असा, की एका कामगाराचे आजारपण हीच दुसऱ्याची भाकरी होती. कायम कामगाराला हलके काम देऊन गिरणीतच ठेवावे, तर साच्यावर बदली लागे आणि गिरणीला दोन माणसांची मजुरी द्यावी लागे. त्याला बिनपगारी घरी बसवावे, तर एकाच मजुरीत काम भागे. आणि बदली कामगार स्वतः आजारी पडला तर त्याच्यासाठी रजा, बदली, हलके काम यांपैकी काहीच नव्हते. तो त्या सकाळी फाटकाशी येत नसे, एवढीच त्याच्या आजाराची नोंद.

हलक्या कामाची गरज गिरणीत किती खरी होती, हे बिसिनोसिस या रोगावरून कळते. हा कापसाच्या बारीक धुळीने जडणारा फुप्फुसाचा विकार असून तो गाठी फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यांत, जिथे धूळ सर्वांत जास्त, तिथे प्रामुख्याने आढळतो. साप्ताहिक सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होणे आणि आठवड्याच्या पुढच्या दिवसांत ती तक्रार कमी होत जाणे, हे त्याचे आरंभीचे लक्षण आहे. वर्षानुवर्षे धुळीत राहिल्यास श्वासाचा त्रास कायमचा होतो. या रोगात आठ दिवसांची रजा जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण सुटी घेऊन परतलेल्या माणसाला त्याच धुळीत उभे केले की लक्षण पुन्हा उमटते. खरा उपाय धूळ कमी करणे आणि बाधा झालेल्या माणसाला वेळीच दुसऱ्या खात्यात हलवणे हा आहे. हलके काम हे येथे सवलत उरत नाही, ती चिकित्सा होते. बिसिनोसिसला पुढे कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून स्थान मिळाले. परंतु परिशिष्टाने मिळते ती बाधा झाल्यानंतरची भरपाई, खाते बदलून मागण्याचा अधिकार नव्हे.

कायद्याने या प्रश्नाला पहिल्यांदा हात घातला तो अपघाताच्या बाजूने. १ जुलै १९२४ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झालेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने कामावर दुखापत झालेल्याला भरपाई देण्याचे बंधन मालकावर घातले, आणि त्यात पूर्ण अपंगत्व व अंशतः अपंगत्व, कायमचे व तात्पुरते, असे भेद केले. तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला रक्कम द्यायची, पण ती अपघातापूर्वीच्या निम्म्या मासिक मजुरीतून अपघातानंतर प्रत्यक्ष मिळणारी निम्मी मजुरी वजा करून जी बाकी उरेल तिच्याहून जास्त नसावी, अशी मर्यादा चौथ्या कलमात होती. वरवर पाहता ही मालकाच्या सोयीची तरतूद आहे. पण तिचा अर्थ नीट लावला तर तिच्यात एक महत्त्वाचे गृहीतक सापडते. समजा, ३० रुपये मिळवणारा कामगार दुखापतीनंतर १८ रुपयांच्या हलक्या कामावर आला, तर पंधरवड्याला ६ रुपयांपर्यंतचा फरक भरपाई म्हणून मिळू शकतो. म्हणजे माणूस एकाच वेळी काम करणारा आणि भरपाईला पात्र असू शकतो, हे या कायद्याने मान्य केले होते. मात्र हलके काम देण्याची सक्ती त्यात नव्हती, सर्वसाधारण आजारपणाला तो लागू नव्हता, आणि सुरुवातीला तर दहा दिवसांपर्यंतच्या दुखापतीला भरपाईच नव्हती.

आजारपणाच्या विम्याची शिफारस व्हिटली आयोगाने केली होती, पण ती प्रत्यक्षात यायला पुढची दोन दशके लागली. महूच्या छावणीत १८९१ मध्ये जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्यावरील आपला अहवाल १९४४ च्या ऑगस्टमध्ये सादर केला, आणि त्याच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली, १९५४ मध्ये नागपूर व मुंबई येथे आणि १९५५ मध्ये इंदूरला ती पोहोचली. इंदुरात या काळात गिरणीकामगारांच्या चळवळीला व्ही. व्ही. द्रविड यांच्यासारखे गांधीवादी नेते लाभले होते, जे पुढे राज्याचे श्रममंत्री झाले, आणि दुसऱ्या बाजूला होमी दाजी यांच्यासारखे कम्युनिस्ट नेते होते, ज्यांना १९६२ मध्ये इंदूरने लोकसभेवर पाठवले. गुलझारीलाल नंदा यांचे नाव दिलेली नंदानगर ही कामगार वसाहत आणि तेथील विमा रुग्णालय ही त्या काळाची ठळक खूण आहे.

या योजनेचे मोल कमी लेखता येणार नाही. आजारी पडलेल्या कामगाराला आरंभी वर्षातून ५६ दिवस, आणि पुढे वाढवून ९१ दिवस, मजुरीचा ठरावीक हिस्सा रोखीने मिळू लागला. हा हिस्सा आज ७० टक्के आहे. क्षयासारख्या दीर्घ आजारांना त्याहून अधिक काळ लाभ मिळू लागला, आणि ७३ व्या कलमाने आजारपणाच्या काळात कामगाराला बडतर्फ करण्यास मनाई केली. ज्या माणसाला कालपर्यंत जॉबरपुढे हात जोडावे लागत होते, त्याच्या हातात आता डॉक्टरचा दाखला होता. परंतु याच कायद्याने काम आणि आजार यांच्यामध्ये एक उंच भिंतही बांधली. ६३ व्या कलमाप्रमाणे ज्या दिवशी विमेदार काम करी त्या दिवशी त्याला आजार-लाभ मिळत नसे. आणि दाखल्यांची रचनाही तशीच झाली, पहिला दाखला, मधला दाखला आणि कामावर रुजू होण्यास योग्य ठरवणारा अंतिम दाखला. अर्धा दिवस काम करू शकेल, बसून काम करू शकेल, धूळ नसलेल्या खात्यात काम करू शकेल, असे सांगणारा दाखला त्यात नव्हता. लाभ लाटले जातील ही भीती या भिंतीमागे होती आणि ती निराधार नव्हती. तरीही १९२३ च्या कायद्याने उघडी ठेवलेली एक फट या थोर कायद्याने बुजवली, हे नमूद करणे भाग आहे. त्याचा परिणाम असा झाला, की अर्धवट बऱ्या झालेल्या कामगारापुढे दोनच मार्ग उरले: लाभाचे दिवस संपेपर्यंत घरी थांबणे, किंवा अंतिम दाखला घेऊन पूर्ण भाराच्या कामावर परत जाणे.

हलके काम हा भारतीय कायद्यात हक्क म्हणून आला तो आजारी पुरुष कामगारासाठी नव्हे, तर गरोदर स्त्रीसाठी. मुंबई कायदेमंडळात आर. एस. असवले यांनी मांडलेल्या आणि आंबेडकरांनी १९२८ मध्ये पाठिंबा दिलेल्या प्रसूती लाभ विधेयकातून १९२९ चा कायदा झाला, पण त्याचा भर रजेच्या काळातील पैशांवर होता. देशव्यापी असलेल्या १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या चौथ्या कलमाने मात्र पुढचे पाऊल टाकले: प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्याही आधीच्या एका महिन्यात, आणि त्या सहा आठवड्यांत रजा घेतली नसल्यास त्या काळातही, स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम सांगता येणार नाही. साच्यापाशी किंवा रिंगपाशी आठ तास उभ्या राहणाऱ्या स्त्रीसाठी या एका वाक्याचे मोल फार मोठे आहे. येथे विनंती कामगाराची आहे आणि बंधन मालकावर आहे. हलक्या कामाच्या साऱ्या इतिहासात हा क्रम उलट होता. दुर्दैव असे, की पाळ्यांच्या सक्तीमुळे, रात्रपाळीला स्त्रियांना असलेल्या मनाईमुळे व यंत्रांच्या फेरबदलामुळे गिरण्यांतील स्त्रियांची संख्या तोवर घटत चालली होती, आणि हा हक्क मिळाला तेव्हा तो वापरणाऱ्या पुष्कळजणी गिरणीबाहेर गेल्या होत्या.

खाणींच्या बाबतीत, ज्यांत चंद्रपूर, वणी आणि नागपूरच्या मराठी पट्ट्यातील कोळसा खाणी येतात, १९५२ च्या खाण कायद्यात नंतर घातलेल्या ९-अ कलमाने असेच बंधन आणले: उपचारानंतरही आपले काम करण्यास असमर्थ ठरलेल्या आणि ती असमर्थता खाणकामामुळेच आलेल्या माणसाला त्याच्या प्रकृतीला झेपेल असे दुसरे काम खाणीतच द्यावे. रेल्वेची पद्धत त्याहून जुनी आणि तपशीलवार आहे. गाडी चालवणाऱ्यापासून कार्यालयात बसणाऱ्यापर्यंत प्रत्येक पदासाठी दृष्टी व प्रकृतीची श्रेणी ठरलेली असते, आणि वरच्या श्रेणीत अपात्र ठरलेल्या माणसाला खालच्या श्रेणीतील पर्यायी पद दिले जाते. रेल्वेच्या बोलीत अशा माणसाला डीकॅटेगराइज्ड म्हणतात. या पद्धतीत मान दुखावला जातो, पगाराचे वाद होतात, तरी माणूस नोकरीबाहेर फेकला जात नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक कायद्याच्या ४७ व्या कलमाने हे तत्त्व शासकीय सेवेत सर्वत्र लागू केले: नोकरीत असताना अपंगत्व आले तर माणसाला काढता येणार नाही, त्याचा दर्जा उतरवता येणार नाही, त्याच पगारावर दुसरे पद द्यावे आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपलीकडचे, पद निर्माण करावे. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाय गमावलेल्या एका शिपायाच्या प्रकरणात या कलमाची सक्ती निःसंदिग्ध शब्दांत सांगितली.

हलक्या कामाची एक काळी बाजू आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून हा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ८८ व्या कलमाप्रमाणे, ज्या दुखापतीमुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकत नसे, तिची खबर निरीक्षकाला द्यावी लागे. बोट चेचलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी गाडी पाठवून बोलावून घ्यायचे, हजेरी मांडून एका खुर्चीवर बसवून ठेवायचे आणि अपघात झालाच नाही असे दाखवायचे, ही पळवाट या मर्यादेतून सहज निघते. अशा वेळी हलके काम हे बरे होण्याचे साधन न राहता पुरावा लपवण्याचे साधन होते, आणि विश्रांतीचा हक्क हिरावला जातो. म्हणूनच रजेचा हक्क भक्कम असल्याखेरीज हलक्या कामाची योजना कामगाराच्या हिताची होऊ शकत नाही. जिथे घरी बसण्याचा मार्ग खुला असतो, तिथेच कामावर येण्याची निवड ही खरी निवड असते. स्वीडनमध्ये आजारपणाचा लाभ पाव, अर्धा, पाऊण किंवा पूर्ण अशा प्रमाणात घेता येतो, आणि ब्रिटनमध्ये २०१० पासून डॉक्टरच्या दाखल्यावर ‘कामास अयोग्य’ या शेऱ्याबरोबरच, काही बदल केल्यास कामास योग्य, असा दुसरा शेरा देण्याची सोय झाली, ज्यात हळूहळू परतणे, बदललेले तास, बदललेले काम आणि जागेतील फेरफार असे पर्याय डॉक्टर सुचवतो. महूच्या छावणीत सकाळच्या हजेरीला दिल्या जाणाऱ्या शेऱ्याचेच हे नागरी रूप आहे. फरक इतका, की येथे शेऱ्याच्या मागे विम्याचे आणि कायद्याचे संरक्षण उभे आहे.

इंदूरच्या गिरण्यांना हा पुढचा टप्पा पाहायला मिळाला नाही. १२ डिसेंबर १९९१ रोजी हुकुमचंद मिल बंद झाली आणि तिच्या कामगारांना थकलेली देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. दरम्यानच्या ३२ वर्षांत कित्येक कामगार निवर्तले. शहरातील उद्योग सांवेर रोड आणि पीथमपूरकडे सरकला, आणि फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराची जागा ठेकेदाराच्या माणसाने घेतली, ज्याचे आजारपण कारखान्याच्या कोणत्याच कागदावर येत नाही. १९९५ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातही नोकरी व पगार राखून दुसरे काम देण्याचे बंधन, २० व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाने, फक्त शासकीय आस्थापनांवर आहे. त्यामुळे इंदूर स्थानकावरील रेल्वे कर्मचाऱ्याची दृष्टी अधू झाली तर त्याला त्याच पगारावर दुसरी खुर्ची मिळण्याचा हक्क आहे. त्याच शहरातील खासगी कारखान्यात धुळीने छाती भरलेल्या माणसाला ९१ दिवसांचा लाभ मिळतो, आणि दुसऱ्या खात्यात बदलून मिळावे यासाठी आजही त्याला मुकादमालाच विचारावे लागते.